सर्व्हरांचा पट आणि सर्व्हरांची हजेरी

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हाला लगेच कळेल. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या क्लाउड सेवेच्या मुंबई रिजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात, तुमच्या कंपनीचे ३४० सर्व्हर चालू आहेत. त्यांपैकी किती संपर्कात आहेत, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहेत आणि त्यांवर किती पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) बाकी आहेत, याचा सारांश दररोज सकाळी नऊ वाजता व्यवस्थापकांना पाठवायचा आहे. त्यासाठी तुम्ही सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टिम्स मॅनेजर या सेवेच्या 'डिस्क्राइब इन्स्टन्स इन्फर्मेशन' या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागण्याच्या सोयीला) पायथॉनमधून कॉल केलात, तेव्हा फक्त ५० नोंदी आल्या. ५०० मागितल्यावर विनंतीच नाकारली गेली. मग पुढच्या पानाचे टोकन, म्हणजे उत्तरासोबत येणारी पुढचे पान मागण्याची खूण, वापरून लूप लिहिलात, तर आकडा ३१२ वर थांबला. त्यानंतर प्रत्येक सर्व्हरची पॅचची स्थिती एकेक करून विचारायला लागलात आणि निम्म्या वाटेवर थ्रॉटलिंगची, म्हणजे फार वेगाने केलेल्या विनंत्या अडवल्या जाण्याची, चूक येऊ लागली. लूपमध्ये काही चुकते आहे का, आणि अहवालात ३१२ लिहावे की ३४०, असे तुम्ही विचारले आहे.

लूपमध्ये चूक असण्याची शक्यता फार कमी आहे. अहवालात दोन्ही आकडे लिहावेत, आणि त्यांच्यामध्ये जे सर्व्हर हरवले आहेत ते ओळखक्रमांकांसह लिहावेत. तुमच्या व्यवस्थापकांना खरे तर याच यादीची सर्वांत जास्त गरज आहे. ती काढायची कशी आणि तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे सविस्तर सांगते.

हा एपीआय नेमके काय सांगतो, ते आधी पाहू. त्यासाठी सर्व्हरवर एसएसएम (सिस्टिम्स मॅनेजर) एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम चालावा लागतो. मूळ सेटिंग बदललेले नसेल तर तो दर ५ मिनिटांनी 'मी आहे' अशी खूण सिस्टिम्स मॅनेजरला पाठवतो आणि स्वतःची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणकाचे नाव, आयपी पत्ता अशी माहिती नोंदवतो. तुम्ही एपीआयला कॉल करता तेव्हा सिस्टिम्स मॅनेजर ही नोंदवही उघडून तुम्हाला वाचून दाखवतो. त्या क्षणी तो कोणत्याही सर्व्हरला जाऊन काही विचारत नाही. ज्या सर्व्हरच्या एजंटने कधी नोंदणीच केली नाही, तो या नोंदवहीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. याउलट ईसीटू या सर्व्हर पुरवणाऱ्या सेवेचा 'डिस्क्राइब इन्स्टन्सेस' हा एपीआय सर्व्हर ज्या यंत्रणेने निर्माण केला तिच्याकडूनच उत्तर आणतो, म्हणून आत एजंट असो वा नसो, सर्व्हर त्यात दिसतोच.

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांना मी हे शाळेच्या भाषेत सांगते. ईसीटूची यादी म्हणजे पट, आणि सिस्टिम्स मॅनेजरची यादी म्हणजे हजेरी. पटावर ३४० आणि हजेरीत ३१२ असतील तर हजेरी घेणाऱ्याची चूक झाली असे कोणी म्हणत नाही, कोण आले नाही ते विचारले जाते. तुम्ही लूप तपासण्यात दोन दिवस घालवलेत असे लिहिले आहे. या फरकाकडे तपासाचा विषय म्हणून पाहिले असते तर ते दिवस वाचले असते.

पुढे मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचे सर्व्हर एकाच अकाउंटमध्ये आहेत की अनेक, ते वर्षानुवर्षे चालणारे आहेत की ऑटो स्केलिंगमुळे तासातासाला येणारे-जाणारे, आणि हा सारांश केवळ रोजच्या देखरेखीसाठी आहे की तो पुढे लेखापरीक्षकांसमोर जाणार आहे, यावर निर्णय बदलतात. तुमच्या वर्णनावरून एक अकाउंट, मुख्यतः दीर्घकाळ चालणारे सर्व्हर आणि रोजची देखरेख असे मी गृहीत धरते. यातले काही वेगळे असेल तर कुठे काय बदलेल हे त्या त्या ठिकाणी सांगत जाईन.

पानांचा भाग लवकर संपवू. या एपीआयमध्ये एका पानावर कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ५० नोंदी मागता येतात, म्हणून ५०० ची विनंती नाकारली गेली. टोकन येत आहे तोपर्यंत पुढचे पान मागत राहायचे आणि टोकन यायचे थांबले की थांबायचे, एवढाच नियम आहे. 'पानावर ५० पेक्षा कमी नोंदी आल्या म्हणजे हे शेवटचे पान' असा तर्क मात्र कोडमध्ये कधीही लिहू नका. फिल्टर लावलेले असताना अर्धे भरलेले किंवा अगदी रिकामे पान येऊनही पुढचे टोकन शिल्लक असू शकते, आणि अशा ठिकाणी थांबलेली स्क्रिप्ट कोणतीही चूक न दाखवता अपुरा आकडा देते. पायथॉनच्या बोटो-३ या ॲमेझॉनच्या लायब्ररीमध्ये या एपीआयसाठी तयार पॅजिनेटर (सगळी पाने आपोआप मागणारे साधन) आहे, तोच वापरा. तसेच ईसीटूच्या बाजूने मोजताना एक जुना सापळा सांभाळा. तिथे उत्तरात वरच्या पातळीवर 'रिझर्व्हेशन', म्हणजे एका विनंतीत सुरू केलेल्या सर्व्हरांचे गट, येतात आणि त्यांच्या आत सर्व्हर असतात. एका रिझर्व्हेशनमध्ये एकाहून अधिक सर्व्हर असू शकतात, म्हणून रिझर्व्हेशन मोजली तर पटच चुकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तुम्ही ३४० मधून ३१२ वजा केले आणि '२८ सर्व्हर दिसत नाहीत' असे लिहिले. ही वजाबाकी करू नका. आकड्यांची वजाबाकी आणि ओळखक्रमांकांची वजाबाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरीच्या ३१२ नोंदींमध्ये पटावर नसलेली नावेही असू शकतात. तुमच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधले काही सर्व्हर हायब्रिड ॲक्टिव्हेशनने जोडलेले असतील तर ते याच यादीत येतात. त्यांचे ओळखक्रमांक 'एमआय' ने सुरू होतात, तर ईसीटूचे नुसत्या 'आय' ने. असा एखादा सर्व्हर कायमचा बंद करून भंगारात दिला तरी कोणी त्याची नोंदणी रद्द करेपर्यंत त्याचे नाव हजेरीच्या यादीत राहते. तसेच बंद करून ठेवलेला ईसीटू सर्व्हरही संपर्क तुटलेला म्हणून यादीत सापडू शकतो, आणि तुमचे ३४० हे तर फक्त चालू सर्व्हर आहेत. समजा ३१२ मध्ये ११ नावे अशी असतील, तर चालू सर्व्हरांपैकी हजेरीत फक्त ३०१ आहेत आणि हरवलेले २८ नसून ३९ आहेत. नुसत्या आकड्यांच्या फरकाने हे ११ सर्व्हर झाकले गेले असते.

म्हणून दोन्ही बाजूंनी पूर्ण याद्या काढा, ओळखक्रमांकांचे दोन संच करा आणि तीन गट पाडा. पटावर आहेत आणि हजेरीतही आहेत तो पहिला, पटावर आहेत पण हजेरीत नाहीत तो दुसरा, आणि हजेरीत आहेत पण पटावर नाहीत तो तिसरा. पायथॉनमध्ये ही तीन ओळींची गोष्ट आहे. शाळांची पटपडताळणी करतात तशी ही सर्व्हरांची पटपडताळणी आहे, आणि अहवालाचा पाया हीच असावी असे माझे ठाम मत आहे. दोन्ही याद्या शक्यतो एकापाठोपाठ लगेच काढा, कारण मधल्या काळात सर्व्हर येतात-जातात. कायमचा संपवलेला सर्व्हरही ईसीटूच्या यादीत थोडा वेळ दिसत राहतो, म्हणून पट काढताना 'रनिंग' या अवस्थेचा फिल्टर लावायला विसरू नका.

दुसऱ्या गटाचा, म्हणजे हजेरीत नसलेल्या चालू सर्व्हरांचा तपास करताना बहुतेक जण एकेका सर्व्हरवर लॉगिन करून एजंट पाहू लागतात. मी तसे करत नाही. पट काढताना ईसीटूने प्रत्येक सर्व्हरबरोबर चार गोष्टी आधीच दिलेल्या असतात: तो कधी सुरू झाला, त्याला कोणते इन्स्टन्स प्रोफाइल (सर्व्हरला रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, देणारी जोडणी) जोडलेले आहे, तो कोणत्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या भागात) आहे आणि कोणत्या इमेजवरून (तयार साच्यावरून) तयार झाला आहे. हरवलेल्या सर्व्हरांचे या चार गोष्टींनुसार गट करा. माझ्या अनुभवात तीस-चाळीस हरवलेले सर्व्हर क्वचितच तीस-चाळीस वेगवेगळ्या कारणांनी हरवलेले असतात. बहुधा दोन किंवा तीन कारणे निघतात, आणि ती या गटांमध्ये उघड दिसतात.

जे सर्व्हर गेल्या १५ मिनिटांत सुरू झाले आहेत त्यांना 'नवीन' म्हणून बाजूला ठेवा, कारण एजंटला उठून नोंदणी करायला वेळ लागतो. १५ मिनिटे ही माझी सवयीची मर्यादा आहे. तुमच्या विंडोज सर्व्हरांना पहिल्यांदा सुरू व्हायला जास्त वेळ लागत असेल तर ती वाढवा. त्यानंतर इन्स्टन्स प्रोफाइल नसलेले सर्व्हर पाहा. एजंट चालू असला तरी सिस्टिम्स मॅनेजरशी बोलण्याची परवानगी त्याला रोलमधून मिळते, आणि 'ॲमेझॉन एसएसएम मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर' ही पॉलिसी त्या रोलला जोडलेली नसेल तर नोंदणी होत नाही. कोणी अकाउंटच्या पातळीवर 'डिफॉल्ट होस्ट मॅनेजमेंट कॉन्फिगरेशन' चालू केले असेल तर प्रोफाइल नसतानाही परवानगी मिळू शकते, म्हणून हे तुमच्याकडे चालू आहे का ते आधी विचारून घ्या.

रोल बरोबर असूनही एकाच सबनेटमधले सगळे सर्व्हर गायब असतील तर नेटवर्कचे कारण जवळजवळ निश्चित समजा. एजंट स्वतःहून बाहेर ४४३ पोर्टवर बोलतो, त्याच्याकडे आत येणारी जोडणी लागत नाही. खासगी सबनेटमध्ये नॅट गेटवे (बाहेर इंटरनेटवर जाण्याची वाट) नसेल आणि एसएसएम व एसएसएम मेसेजेस यांची व्हीपीसी एंडपॉइंटही (त्या सेवांपर्यंतच्या खासगी वाटा) नसतील, तर एजंट बोलायचा प्रयत्न करत राहतो पण त्याचा आवाज पोहोचत नाही. एंडपॉइंट असूनही त्याच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांत) त्या सबनेटला ४४३ वर प्रवेश दिलेला नसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. नवीन सबनेट कोणी घाईने वाढवले की ही गोष्ट हमखास राहून जाते.

इमेजनुसार गट पडला तर एजंटच नसण्याची शक्यता पाहा. ॲमेझॉन लिनक्स, उबुंटू आणि विंडोज सर्व्हर यांच्या ॲमेझॉनवर मिळणाऱ्या नेहमीच्या इमेजमध्ये एजंट आधीपासून असतो. रेड हॅटच्या इमेजमध्ये तो आपण बसवावा लागतो, आणि कंपनीने स्वतः तयार केलेल्या इमेजमध्ये असेलच याची खात्री नसते. या सर्वांतून जे दोन-चार सर्व्हर उरतील त्यांच्यावरच लॉगिन करून पाहा. तिथे भरलेली डिस्क, थांबलेली सेवा किंवा भरकटलेले घड्याळ सापडते. घड्याळ बरेच मागे-पुढे असेल तर एजंटच्या विनंतीवरची सही अमान्य होते, आणि हे कारण लवकर सुचत नाही म्हणून मुद्दाम सांगून ठेवते.

पहिल्या गटाविषयी, म्हणजे पट आणि हजेरी दोन्हींत असलेल्यांविषयी, एक सावधगिरी बाळगा. यादीत नाव असणे म्हणजे संपर्कात असणे नव्हे. प्रत्येक नोंदीत 'पिंग स्टेटस' असते आणि शेवटची खूण कधी आली त्याची वेळ असते. 'ऑनलाइन' आणि 'कनेक्शन लॉस्ट' यांची संख्या वेगळी दाखवा, आणि 'कनेक्शन लॉस्ट' असूनही ईसीटूच्या मते चालू असलेल्या सर्व्हरांची नावे लिहा. हा गट मला दुसऱ्या गटापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण हे सर्व्हर काल-परवापर्यंत बोलत होते आणि मग काहीतरी बिघडले.

इथवरचे थोडक्यात असे, की पट ईसीटूकडून घ्यायचा, हजेरी सिस्टिम्स मॅनेजरकडून घ्यायची, तुलना ओळखक्रमांकांची करायची, आणि हरवलेल्यांचे गट करून कारण शोधायचे. आता पॅचकडे वळते, कारण थ्रॉटलिंग तिथे आले आहे आणि त्याहून मोठा धोकाही तिथेच आहे.

थ्रॉटलिंगचा उपाय सोपा आहे. 'डिस्क्राइब इन्स्टन्स पॅच स्टेट्स' हा एपीआय एका विनंतीत ५० पर्यंत ओळखक्रमांक घेतो. ३१२ सर्व्हरांसाठी ३१२ कॉल करण्याऐवजी ५० चे तुकडे पाडले तर ७ कॉल पुरतात. त्यातूनही कधी थ्रॉटलिंग आले, तर बोटो-३ च्या सेटिंगमध्ये पुनर्प्रयत्नाची 'स्टँडर्ड' पद्धत निवडा आणि प्रयत्नांची संख्या वाढवा. प्रत्येक प्रयत्नाआधीची विश्रांती ती पद्धत आपोआप वाढवत नेते आणि त्यात थोडा यादृच्छिकपणाही ठेवते, म्हणून एकाच वेळी अडलेल्या अनेक स्क्रिप्ट पुन्हा एकाच क्षणी धडकत नाहीत. वेग वाढवण्यासाठी समांतर थ्रेड लावण्याचा मोह टाळा. त्या अकाउंटमधली इतर साधनेही याच एपीआयना कॉल करत असतात आणि मर्यादा सगळ्यांना मिळून असते. सकाळच्या अहवालाने दुसऱ्या कोणाचे स्वयंचलित काम अडता कामा नये.

धोका वेगळा आहे, आणि तो मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे असाच रोजचा सारांश मी लिहिला होता. सहा आठवडे त्यात एका महत्त्वाच्या गटासमोर 'बाकी पॅच: शून्य' येत राहिले आणि सगळे समाधानी होते. एक दिवस एका सहकाऱ्याने विचारले की या काळात नवे सुरक्षा पॅच प्रसिद्ध झाले, तरी हा आकडा एकदाही शून्याच्या वर कसा गेला नाही. शोध घेतल्यावर कळले की सर्व्हरांच्या एका टॅगचे (लेबलचे) मूल्य कोणीतरी बदलले होते आणि पॅचची तपासणी त्याच टॅगवरून सर्व्हर निवडत होती. तपासणी सहा आठवड्यांपूर्वीच थांबली होती. एपीआय दररोज शेवटच्या तपासणीचा निकाल प्रामाणिकपणे परत देत होता. त्या निकालाची तारीखही त्याच उत्तरात होती, पण मी ती वाचून अहवालात घेतली नव्हती.

तेव्हापासून पॅचच्या प्रत्येक आकड्याबरोबर मी तपासणी कधी संपली ती वेळ घेते. उत्तरात ती 'ऑपरेशन एंड टाइम' या नावाने येते. रोज तपासणी ठरलेली असेल आणि निकाल ४८ तासांहून जुना असेल, तर तो सर्व्हर मी 'पॅच पूर्ण' किंवा 'पॅच बाकी' यांपैकी कुठेच मोजत नाही, 'माहिती शिळी' असा तिसरा रकाना ठेवते. तुमची तपासणी आठवड्यातून एकदा होत असेल तर मर्यादा त्याप्रमाणे ठरवा, पण रकाना मात्र ठेवाच. ज्या सर्व्हरची तपासणी एकदाही झालेली नाही त्याची नोंद या एपीआयच्या उत्तरात येतच नाही. तुम्ही ५० ओळखक्रमांक पाठवले आणि ४६ नोंदी आल्या तर कोणतीही चूक दाखवली जात नाही. त्या ४ सर्व्हरांना शून्य समजून बेरीज केली की ते आपोआप निरोगी ठरतात. इथेही पाठवलेल्या आणि परत आलेल्या ओळखक्रमांकांची तुलना करा.

तपासणी ताजी असली तरी 'मिसिंग काउंट' म्हणजे जगात उपलब्ध असलेले सगळे पॅच नव्हेत. तुमच्या पॅच बेसलाइनने, म्हणजे कोणते पॅच कधी मंजूर करायचे या नियमांच्या संचाने, मंजूर केलेले पण सर्व्हरवर नसलेले पॅच तेवढे त्यात येतात. ॲमेझॉन लिनक्स आणि विंडोज यांच्या मूळ बेसलाइनमध्ये पॅच प्रसिद्ध झाल्यानंतर ७ दिवसांनी मंजूर होतो. त्यामुळे आज प्रसिद्ध झालेला गंभीर पॅच पुढचा आठवडाभर 'बाकी' म्हणून मोजला जाणार नाही. उबुंटूच्या भांडारांत प्रसिद्धीची भरवशाची तारीख मिळत नाही, म्हणून तिथल्या मूळ बेसलाइनमध्ये असा थांबण्याचा काळ नाही. परिणामी एकाच सारांशात उबुंटूचे सर्व्हर जास्त मागे पडलेले वाटतात, पण प्रत्यक्षात मोजपट्टी वेगळी असते. व्यवस्थापक दोन टीमची तुलना करणार असतील तर हे वाक्य अहवालाच्या तळाशी अवश्य लिहा, नाहीतर उबुंटू सांभाळणाऱ्यांवर अन्याय होईल.

'इन्स्टॉल्ड पेंडिंग रिबूट' हा आकडाही वेगळा दाखवा. बसवले आहेत पण त्यानंतर रिबूट झालेला नाही, असे त्या सर्व्हरवरचे पॅच यात मोजले जातात. रिबूट टाळून पॅच बसवण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर हा आकडा हळूहळू साचत जातो. सिस्टिम्स मॅनेजर अशा सर्व्हरला नियमांत बसणारा मानत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण स्मृतीत अजून जुनाच कोड चालू असू शकतो.

कोणी तुम्हाला सुचवेल की एवढी खटपट कशाला, 'लिस्ट कम्प्लायन्स समरीज' या एका कॉलमध्ये किती सर्व्हर नियमांत आहेत आणि किती नाहीत ते तयार मिळते. ते खरे आहे आणि झटपट नजर टाकायला मी तो वापरते. अहवालाचा आधार म्हणून मात्र नाही, कारण ज्यांची माहितीच नाही ते सर्व्हर त्याच्या दोन्ही आकड्यांत येत नाहीत. 'लिस्ट रिसोर्स कम्प्लायन्स समरीज' हा त्याचा सोबती जास्त उपयोगी आहे, कारण तो प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र नोंद देतो आणि तिच्यात तपासणीची वेळही असते.

तुमचे सर्व्हर अनेक अकाउंटमध्ये पसरलेले असतील तर मात्र 'लिस्ट नोड्स समरी' हा नवा एपीआय पाहा. सिस्टिम्स मॅनेजरची एकत्रित व्यवस्था २०२४ च्या अखेरीस आली, तिच्याबरोबर तो आला. ऑपरेटिंग सिस्टिम, एजंटची आवृत्ती किंवा रिजन यांनुसार गट करून संख्या तो स्वतःच देतो, आणि सिस्टिम्स मॅनेजरच्या कक्षेत नसलेले सर्व्हरही वेगळे मागता येतात. तुमच्या परिस्थितीत हे आकर्षक वाटेल, पण ती एकत्रित व्यवस्था आधी सुरू केलेली असावी लागते, नाहीतर विनंती नाकारली जाते. एका अकाउंटमधल्या ३४० सर्व्हरांसाठी मी आधी वरचीच साधी पद्धत वापरेन, कारण तीत प्रत्येक आकडा कुठून आला हे तुम्हाला सांगता येते. हजारो सर्व्हर असतील तर रोज एपीआयला विचारत बसण्यापेक्षा रिसोर्स डेटा सिंकने माहिती एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत ठेवून अथीना या शोधसेवेतून प्रश्न विचारणे बरे.

रिजनविषयीही एक गोष्ट तपासा. हे सगळे कॉल एका रिजनपुरते असतात. मुंबईचे रिजन २०१६ मध्ये सुरू झाले आणि हैदराबादचे २०२२ मध्ये, आणि पर्यायी व्यवस्था म्हणून अनेक कंपन्या आता थोडे सर्व्हर हैदराबादमध्ये ठेवतात. मुंबईला विचारलेल्या प्रश्नात ते कधीच दिसणार नाहीत. हैदराबादचे रिजन अकाउंटमध्ये मुद्दाम चालू करावे लागते, म्हणून रिजनची यादी कोडमध्ये हाताने न लिहिता अकाउंटमध्ये कोणती रिजन चालू आहेत ते विचारून घ्या आणि प्रत्येकात तेच कॉल करा.

ही स्क्रिप्ट ज्या रोलने चालेल त्याला फक्त वाचण्याचे कॉल द्या, म्हणजे वर आलेले 'डिस्क्राइब' आणि 'लिस्ट' यांचे कॉल आणि ईसीटूची यादी वाचण्याची परवानगी. 'सोयीसाठी' म्हणून सिस्टिम्स मॅनेजरची सरसकट परवानगी देऊ नका. तिच्यात 'सेंड कमांड' असते, आणि तिच्या जोरावर सर्व सर्व्हरांवर रूटच्या अधिकाराने काहीही चालवता येते. केवळ मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती एवढी चावी असण्याचे काहीच कारण नाही.

शेवटचा प्रश्न नऊ वाजताच्या वेळेचा. मी स्वतः वेळा अशा ठरवते, की पॅचची तपासणी पहाटे ३ वाजता सुरू व्हावी आणि सारांशाची स्क्रिप्ट साडेआठला चालावी, म्हणजे रेंगाळलेल्या सर्व्हरांनाही पुरेसा वेळ मिळतो आणि हरवलेल्यांची यादी पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालता येते. तपासणीच्या वेळा साठवताना यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा आणि दाखवताना भारतीय वेळेत बदला. पहाटे ३ म्हणजे यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ, म्हणून 'आजची तपासणी' असा तारखेचा फिल्टर थेट यूटीसीवर लावला तर सगळेच सर्व्हर शिळे ठरतील. ज्या उत्तरांवरून सारांश बनवला ती मूळ उत्तरेही त्या दिवसाच्या नावाने एस-थ्रीमध्ये ठेवा. उद्या कोणी विचारले की हा सर्व्हर यादीतून नेमका कधी गायब झाला, तर कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवून तुम्हाला उत्तर देता येईल.